मैदानाखाली सायकलची ट्यूब

दोंडाईच्याच्या स्टेशनावर एकदा मिरचीची चाळीस पोती फुटली. इंजिनाला असा ठसका लागला, की ड्रायव्हरने ब्रेक दाबूनही गाडी नंदुरबारला थांबली नाही. सुरतेला जाऊन पोटभर पाणी प्यायली, तेव्हा कुठे तिचा खोकला बसला. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगतोय, डोळ्यांदेखत घडली म्हणून सांगतोय. खरं तर त्या दिवशी मी आठ वर्षांचा होतो आणि स्टेशनापासून सहा कोसांवर गोवर निघून अंथरुणात पडलो होतो. पण एवढ्याशा कारणासाठी चांगली गोष्ट टाकून देणं मला कधी जमलं नाही.

माझा एक नियम आहे. खोट्या गोष्टीत एक खरी भाकर ठेवायची. त्या ड्रायव्हरच्या हातात मी भाकर आणि ठेचा दिला आहे. ऐकणारा भाकरीवर विश्वास ठेवतो आणि तिच्याबरोबर चाळीस पोती गिळून टाकतो. नशिराबादला उपसा सिंचनाच्या पंपावर मी बत्तीस वर्षं काढली, आणि पंप चालू असताना दुसरं काही काम नसतं. वाघूर नदीतल्या सुसरीने माझी मोटर पळवली आणि दुसऱ्या दिवशी गाळ काढून परत आणून ठेवली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लोक मला झुलाल नाना म्हणतात, तोंडावर हसतात, पण चहा पाजतात. माझ्या खोट्याने आजवर कुणाचा केस वाकडा झाला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगत असे.

नवल माझा एकुलता. जळगावातल्या एका ठेकेदाराकडे फिटर. आधी गुजरात, मग राजस्थान, आणि गेल्या सालापासून उझबेकिस्तान. तिकडेही आपल्यासारखा कापूस पिकतो, म्हणून ठेकेदाराची माणसं ठिबक बसवायला गेली. त्यातूनच एका शहरातल्या भल्यामोठ्या मैदानाच्या गवताखाली पाण्याची लाइन टाकायचं काम मिळालं. शहराचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. आशिया खंडातल्या देशोदेशीचे क्लब वर्षभर फुटबॉल खेळतात, गळत गळत शेवटी दोन उरतात, आणि त्या दोघांची फायनल यंदा त्याच मैदानावर ठरली.

नशिराबादला फुटबॉल म्हणजे पी.टी.च्या तासाला मास्तर देतात तो बिनहवेचा गोळा. पण गौतमचंद शेठच्या दुकानावर मी ही बातमी सांगितली आणि दोन दिवसांत साऱ्या गावाला फुटबॉल समजू लागला. शेठचं दुकान पाइप, मोटर आणि वायसरचं. समोर लांब ओटा, आत मोठा टीव्ही. शेतकरी एक वायसर घ्यायला येतो आणि दोन तास बसतो.

"नाना, मग नवल तिथे करतो काय?" भिकनने विचारलं. हा भिकन म्हणजे माझ्या गोष्टींचा पहिला गिऱ्हाईक आणि पहिला टवाळ.

"पाणी सोडतो. त्याने पाणी सोडल्याशिवाय खेळ नाही. रेफरी शिट्टी तोंडात धरून आधी नवलकडे बघतो."

"आणि नवल?"

"मान हलवतो."

"म्हणजे बापासारखंच काम. बसून मान हलवायची."

ओटा हसला. मीही हसलो. मग मी सांगून टाकलं, की अर्धा खेळ झाला की मैदानावर कारंजी उडतात, ती टीव्हीवर दिसतात, आणि डाव्या कोपऱ्यातलं कारंजं नीट बघा, ते माझ्या नवलने स्वतःच्या हाताने बसवलंय. शेठने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आमचा अर्पित लावेल मोबाइलवरून टीव्हीला. बघू सगळे."

फायनलच्या दोन दिवस आधी दुपारी नवलचा व्हिडिओ कॉल आला. तो जमिनीतल्या चेंबरमध्ये उकिडवा बसला होता, गुडघ्यापर्यंत ओला. त्याच्या मागे एक म्हातारा, डोक्यावर काळी चौकोनी टोपी, हातात गोल जाडजूड भाकर. तो जसूर, तिथला पंपवाला. नवलने आमची ओळख गेल्या हिवाळ्यातच करून दिली होती. त्याने मला त्याचा पंप दाखवला होता आणि मी फोन हातात धरून पांदीने चालत जाऊन त्याला माझा दाखवला होता. भाषेचा एक शब्द सारखा नाही, पण त्याने माझ्या पंपाचा आवाज ऐकला आणि बोटाने खूण केली, बेअरिंग गेलंय म्हणून. गेलंच होतं. नवल जेवला नाही, तर हा माणूस आपली अर्धी भाकर मोडून त्याच्यापुढे ठेवतो. तो आताही छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत वाकला. मीही वाकलो.

"आबा, तीन नंबरच्या लाइनचा सांधा झिरपतोय," नवल म्हणाला. "आतलं वायसर फाटलंय. नवीन यायला चार दिवस. आमच्या साइटचे कुंदनसाहेब म्हणतात, तीन नंबर बंदच ठेव, त्या कोपऱ्यात माणूस पाइप धरून पाणी मारेल."

"कुठला कोपरा?"

"डावा. कॅमेऱ्यासमोरचा."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे शेठचा ओटा आला. डाव्या कोपऱ्यात कारंज्याऐवजी एक माणूस पाइप धरून उभा, आणि भिकन म्हणतोय, नाना, हाच का तुमचा नवल? याला तर केळीला पाणी देताना पाहिलंय!

"केळीच्या बागेत सांधा फुटला तर काय करतो आपण?" मी म्हणालो.

नवल हसला. "सायकलची ट्यूब."

"मग? ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी काप. ताणून ताणून सात वेढे दे. वरून तांब्याची तार, आणि आपली ती बैलाच्या दाव्याची गाठ."

"आबा, इथे प्रेशर सहा किलो असतं. आपल्याकडे दीड."

"सहाचं काय घेऊन बसलास! वाघूरच्या मोठ्या लाइनवर मी आठ किलोला ट्यूब बांधली होती. तुझ्या जन्माच्या साली. बांधत होतो तेव्हा तुझी आई भाकर घेऊन आली होती, एका हाताने तार पिळतोय आणि दुसऱ्या हातात भाकर. ती पट्टी आजही तशीच आहे, जाऊन बघ."

परमुलखात माणूस एकटा असला की बापाचा आवाज जरा मोठा ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

"आठ किलोला टिकली? खरं शे का, आबा?"

"खरं शे."

शनिवारी साडेसहाला, ऊन अजून भिंतींवर होतं तेव्हाच, ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिना, दुकानातले दोन्ही कूलर बाहेर काढलेले. एक संघ निळा, एक पिवळा. कोण कुठला, कुणाला पर्वा नव्हती. भिकनने निळा धरला, कारण पिवळ्यांचा गोलकीपर त्याच्या साडूसारखा दिसत होता. खेळ सुरू होण्याआधी कॅमेरा मैदानावरून फिरला. एवढं हिरवं, एवढं सपाट गवत आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. एक जण म्हणाला, यात दोन म्हशी सोडल्या तर दिवाळीपर्यंत बघायला नको.

पहिला अर्धा भाग बिनगोलचा गेला. मग खेळाडू आत गेले आणि गवतातून कारंजी वर आली. गोल गोल फिरणारी, संध्याकाळच्या उजेडात चमकणारी. डाव्या कोपऱ्यातलंही आलं. ओट्याने टाळ्या वाजवल्या. भिकन उठून माझ्या पाया पडला, अर्धा थट्टेने, पण अर्धा खरोखरच. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलेलं लोकांच्या डोळ्यांसमोर होत होतं. मला काय वाटलं ते सांगायला आजही माझ्याकडे गोष्ट नाही.

कारंजी खाली गेली. सगळी कोरडी झाली, आणि डाव्या कोपऱ्यात गवताचा रंग मात्र बदलत राहिला.

आधी ताटाएवढा काळा डाग. मग परातीएवढा. खेळ पुन्हा सुरू झाला, सगळ्यांचे डोळे चेंडूमागे, आणि माझे त्या परातीवर. ती वाढत होती. दुकानात अजून एक माणूस चेंडूकडे बघत नव्हता.

"हे शिंपलेलं पाणी नाही," शेठ हळू आवाजात म्हणाले. "खालून येतंय. सांधा गेलाय."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खेळ संपायला दहा मिनिटं होती. पिवळ्यांच्या एका पोराने त्या कोपऱ्यातून आपल्याच गोलकीपरकडे साधा, सरळ चेंडू ढकलला. रोज शंभरदा ढकलत असेल. चेंडू गडगडत गेला, पाण्यात शिरला आणि थांबला. बैल पाण्याशी येऊन थांबतो तसा. गोलकीपर पुढे धावला, त्याचा पाय घसरला. निळ्यांच्या एकाने चेंडू पाण्यातून उचलल्यासारखा काढला आणि रिकाम्या गोलात टाकला.

भिकन नाचला. निम्मा ओटा नाचला. पिवळं पोरगं त्या डबक्यात गुडघ्यावर बसलं होतं आणि दोन्ही हातांनी गवत दाबून बघत होतं. टीव्हीवाल्यांनी त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला. मग डबकं दाखवलं. मग पुन्हा चेहरा. खेळ एक शून्यावर संपला.

रविवारी सकाळी नवलचा फोन आला, बिनव्हिडिओचा.

"आबा, बठ्ठं बराबर शे. घाबरू नका."

"पट्टी?"

"उडाली. चेंबरमधलं पाणी उपसायच्या आधीच मी उतरून काढून घेतली. माझ्या पेटीत आहे. कुणी पाहिलं नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"मोठे मोठे लोक आलेत चौकशीला. मला विचारलं. मी म्हणालो, मी तीन नंबर बंद करून ठेवला होता. जसूरचाचा पंपावर जेवत होता. एका हातात भाकर, दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हची चाकं फिरवत गेला, आणि नंबर न बघता तिसरंही फिरवलं. भाकर खाताना सगळ्यांनीच पाहिलं होतं त्याला. लगेच पटलं."

गोष्ट बिनचूक होती. भाकर जिथे हवी तिथे होती. मी सांगितली असती तर तशीच सांगितली असती.

"त्याचं काय होणार?"

"काढतील. त्याला काय, दुसरीकडे मिळेल पंप."

"साठीच्या माणसाला पंप मिळत नसतो, नवल."

"मग काय करू?" तो ओरडला. "परत येऊ? तुम्ही गावभर सांगून बसलात. रेफरी मला विचारून शिट्टी वाजवतो म्हणे! भिकनकाकाने मेसेज पाठवलाय, मान हलवलीस का म्हणून."

फोन बंद झाला. माझ्या डोळ्यांपुढे ती काळी टोपी आणि छातीवरचा हात. बेअरिंग गेलंय, हे हजारो मैलांवरून ओळखणारा माणूस चाक फिरवताना नंबर बघत नाही, यावर साऱ्या जगात फक्त पंप न चालवलेल्यांचाच विश्वास बसला असता.

मी दुकानावर गेलो. कालच्याच गोष्टी चालल्या होत्या. मी उभ्याउभ्या म्हणालो, "ते पाणी माझ्यामुळे आलं. सांध्याला सायकलची ट्यूब बांधायला मीच सांगितलं."

ओटा असा हसला, की समोरचा सलूनवाला कात्री घेऊन बाहेर आला.

"नाना, सुसरीपेक्षा भारी!" भिकनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आशियाची फायनल, आणि खाली सायकलची ट्यूब! पंक्चरवाली होती, की नवी?"

"भिकन, खरं सांगतोय."

"तुम्ही खोटं कधी सांगितलंय, नाना!"

मी जितकं सांगत गेलो तितके ते हसत गेले. शेवटी शेठ उठले, माझा दंड धरला आणि मागच्या गोदामात घेऊन गेले. पाइपांच्या बंडलांमध्ये एक स्टूल होतं, त्यावर मला बसवलं.

"किती किलोचं प्रेशर होतं?"

"सहा."

"ट्यूब? सहाला?" त्यांनी डोळे मिटले. "नाना, हे काय केलंत."

"तुम्हाला कसं पटलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या गोष्टी ऐकतोय. प्रत्येकीत शेवटी तुम्ही जिंकता. हिच्यात नाही जिंकलात." ते दाराकडे वळले. "इथून करा फोन. इकडे कोणी येणार नाही."

नवलने चौथ्या वेळी उचलला.

"ती पट्टी कुंदनसाहेबांच्या हातात दे," मी म्हणालो.

"आबा, मी पट्टी नदीत टाकतोय. विषय संपला."

"तुझा साहेब धुळ्याचा. पट्टी बघितली की त्याला काही सांगावं लागणार नाही. त्या मुलखात सायकलच्या ट्यूबने सांधा बांधायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही."

"म्हणूनच टाकतोय!" तो म्हणाला. "आणि माझी चूक तरी काय? आठ किलोला टिकते म्हणालात. इथलंच रबर कच्चं निघालं असेल. नशीब, दुसरं काय."

तेव्हा मला कळलं, की तो अजून माझ्या बाजूने आहे. पट्टी फुटली, फायनल बुडाली, एक म्हातारा कामावरून चाललाय, तरी त्याच्या लेखी बाप खरा आणि रबर खोटं. गोदामात उकडत होतं. पाइपांच्या तोंडांतून माझाच श्वास परत ऐकू येत होता.

"नवल, वाघूरच्या लाइनवर ट्यूब टिकली नव्हती."

मी पुढचंही सांगून टाकलं.

"आठ किलोही नव्हतं. तीन होतं. बांधली आणि बिडी पेटवायच्या आत उडाली. कानाजवळून गेली. त्या दिवसापासून मी दोनच्या वर कधी बांधली नाही."

"तुम्ही तर म्हणालात, खरं शे."

"म्हणालो."

"मी दोनदा विचारलं होतं, आबा. प्रेशर सांगितलं, आणि वर पुन्हा विचारलं."

"हो."

त्याने फोन ठेवला नाही. बराच वेळ तिकडे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

चार दिवस त्याचा फोन बंद होता. मी दुकानावर गेलो नाही. भिकन दोनदा बोलवायला आला. आज कुसुंब्याहून पाहुणे आलेत, त्यांना ट्यूबची गोष्ट ऐकायचीय म्हणाला. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. ते मात्र त्याला लगेच पटलं.

पाचव्या दिवशी ऊन कलताना जळगावची रिक्षा दारात थांबली. नवल उतरला. एक पेटी, एक पिशवी. तो पाणी प्यायला, हातपाय धुतले आणि ओसरीवर माझ्यापासून हातभर लांब बसला.

"दिली," तो म्हणाला. "साहेबांनी उलटीपालटी केली. गाठ बघितली. म्हणाले, माझा बापही अशीच मारायचा. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, त्या पिवळ्या पोराला त्याच्या गावात लोक काय काय बोलतायत, ठाऊक आहे का तुला? मग काम सोडल्याच्या कागदावर सही घेतली."

"जसूर?"

"आहे पंपावर. मी निघताना स्टेशनवर आला होता. त्याला सगळं सांगितलं होतं साहेबांनी." नवलने पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. गोल, जाड भाकर, मधोमध नक्षी टोचलेली, प्रवासाने दगडासारखी झालेली. "तुमच्यासाठी दिलीय. तो माझ्याशी काही बोलला नाही. नुसती हातात दिली आणि तुमच्या नावाने छातीवर हात ठेवला."

मी ती मोडायला गेलो. मोडली नाही. तशीच मांडीवर धरून बसलो.

नवल समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे त्याच्या आईचा, मंजुळाचा फोटो आहे. ती गेली तेव्हा तो राजस्थानात साइटवर होता. दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. त्या रात्री मी त्याला सांगितलं होतं, की जाताना तिने दोनदा त्याचं नाव घेतलं, आणि विचारलं, पोराने भाकर खाल्ली का. त्यावर तो रडला होता आणि मग झोपला होता. वर्षातून एकदा तरी तो मला ते पुन्हा सांगायला लावतो.

"आबा, एक विचारू?"

मला आधीच कळलं, काय विचारणार ते.

"आई जाताना... ती भाकरीची गोष्ट. मी जेवलो का म्हणून विचारलं, ते."

"हं."

"ते खरं शे का?"

मी आयुष्यात सुसरीकडून मोटर धुऊन घेतली आहे. इंजिनाला खोकला आणला आहे. पण त्या दिवशी खोलीत मी होतो, मंजुळा होती, भिंतीवर घड्याळ होतं, आणि तिने विचारलं होतं. दोनदा नाव घेतलं होतं. तिसऱ्यांदा ओठ हलले, आवाज आला नाही. यातला एकही शब्द मी घातलेला नाही.

"खरं शे," मी म्हणालो.

नवलने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. ओट्यावरचे लोक सुसरीची गोष्ट संपल्यावर बघतात तसं पाहिलं, आणि उठून आत गेला.